शेजारच्या गाडीतला ढोल आपल्या गाडीत का वाजत नाही?

सुट्टीत मुंबईहून पुण्याला निघालात आणि खालापूरच्या टोलनाक्यावर रांगेत अडकलात, तर काच खाली करून जरा कान द्या. उजवीकडच्या गाडीत नाट्यगीत, डावीकडच्या जीपमध्ये ढोलताशा, आणि मागे कुणाचा तरी नुसताच धांगडधिंगा! गाणी सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत आणि ब्लूटूथने गाडीच्या स्पीकरवर वाजताहेत. मध्ये वायर नाही, म्हणजे गाणं हवेतूनच चाललंय. मग त्या जीपमधला ढोल आपल्या स्पीकरमध्ये कसा घुसत नाही?

एफएम रेडिओचं गाणंही हवेतूनच येतं. पण एफएमचं स्टेशन आपल्या आकड्यावर ठाण मांडून बसतं. ज्याने काटा तिथे नेला त्याला ते ऐकू येणारच. ब्लूटूथचा पाय मात्र एका जागी ठरत नाही. त्याच्या वाट्याला २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झचा पट्टा आलाय आणि त्यात ७९ घरं आहेत. ठिकरी खेळताना तुम्ही मारता तशा उड्या मोबाइल या घरांवरून मारतो, त्याही सेकंदाला १६०० पर्यंत! गाण्याचा एक तुकडा २४१७ वर, पुढचा २४६६ वर, त्याच्या पुढचा २४०५ वर. ओळीने जाणं त्याला माहीतच नाही.

आणि मोबाइल ज्या घरात उडी मारतो, नेमक्या त्याच घरात त्याच क्षणी गाडीतली म्युझिक सिस्टीमही हजर! तिला कोण सांगतं? कुणीच नाही. जोडीतला एक जण म्होरक्या असतो. त्याचं घड्याळ आणि त्याचा ४८ बिटांचा पत्ता दोघांनाही ठाऊक असतो. त्यावरून पुढच्या घराचं गणित दोघं आपापलं सोडवतात आणि उत्तर एकच येतं. शिवाय पहिल्यांदा ‘पेअर’ करताना दोघांत एक गुप्त किल्ली ठरलेली असते. जीपकडे यातलं काहीच नाही. कधी तरी दोन गाड्यांच्या उड्या एकाच घरात पडतातही. पडू देत! बिघडलेला तुकडा मोबाइल पुन्हा पाठवतो. सिस्टीमने गाण्याचा थोडा साठा आधीच करून ठेवलेला असतो, म्हणून आपल्याला पत्ताही लागत नाही.

उड्यांची ही कल्पना बऱ्याच जणांना सुचली होती, पण मला सगळ्यात आवडते ती हेडी लमारची गोष्ट. ही व्हिएन्नात जन्मलेली, हॉलिवूडची नटी. दुसरं महायुद्ध चालू होतं. पाण्याखालून जाणाऱ्या टॉर्पेडोला रेडिओवरून हुकूम द्यायचे, तर शत्रू त्यात गोंधळ घालणार. हेडी आणि तिचा संगीतकार मित्र जॉर्ज अँथाइल म्हणाले, मग हुकूम उड्या मारत पाठवू! आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी असते. तशीच एक गुंडाळी जहाजावर, एक टॉर्पेडोत, आणि घरं ८८, पियानोच्या पट्ट्यांइतकीच. १९४२ साली त्यांना पेटंट मिळालं. नौदलाने मात्र युद्धात ते वापरलंच नाही. नटीचं कोण ऐकतो!

बरं, गाणं रंगात आलंय आणि आजीचा फोन आला. गाणं थांबतं. पण आजीचा आवाज गाण्याइतका भरदार का नाही? गाणं एकाच दिशेने जातं, आणि साठा करायला त्याला सवड असते. बोलणं दोन्हीकडून, आणि लगेच पोचायला हवं. म्हणून आवाज काटकसरीने पाठवतात. गाण्याचं मोजमाप साधारणपणे सेकंदाला ४४,१०० वेळा होतं, आजीच्या आवाजाचं ८,००० किंवा नव्या गाड्यांत १६,००० वेळा.

स्टिअरिंगवरचं ‘पुढचं गाणं’ बटणही लबाड आहे बरं का! गाणं ते स्वतः बदलत नाही, मोबाइलला नुसता निरोप धाडतं. पण त्यामुळे आईचे हात स्टिअरिंगवर आणि डोळे रस्त्यावर राहतात.

फोनवर बोलताना आपला आवाज टिपणारा माइक गाडीत कुठे असतो, ते गाडी उभी असताना शोधा. बहुतेक पुढच्या आरशापाशी किंवा छतातल्या दिव्याजवळ बारीक भोकं सापडतील. आता आजीला फोन लावा आणि मागच्या सीटवरून तिच्याशी बोला, आधी काचा बंद करून, मग उघडून. कधी नीट ऐकू आलं, ते तीच सांगेल.