संरक्षण नसलेली कुळे

हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर दोन वर्षांतच, १९५० साली, तेथे कुळकायदा आला. दुसऱ्याची जमीन वर्षानुवर्षे कसणाऱ्याला ‘संरक्षित कूळ’ ही संज्ञा मिळाली व तिच्याबरोबर काही हक्कही मिळाले. उमरगा तेव्हा त्याच राज्यात होते. तेथील जुन्या जाणत्यांना या दोन शब्दांचे मोल निराळे सांगावयास नको.

आज त्याच गावातील शिक्षक, कारकून व विद्यार्थी हौसेने लिहीत आहेत. कोणी फेसबुकवर गावाचा इतिहास मांडतो, कोणी व्हॉट्सॲपवर कविता पाठवितो. परंतु या पिकाखालची जमीन परक्या कंपनीची आहे, आणि येथे लिहिणारा हा संरक्षण नसलेला कूळ आहे. जिओसिटीज या सेवेवर जगभरच्या सामान्य माणसांनी आपापली पाने उभारली होती. ती १९९९ साली याहूने विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. भारतात अतिशय लोकप्रिय झालेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले. मालकाला जमीन मोकळी करावीशी वाटली, एवढेच कारण पुरे होते.

३० सप्टेंबर ही तारीख उमरगेकरांच्या स्मरणात मात्र निराळ्याच कारणाने आहे. १९९३ साली त्या दिवशी पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपाने तेव्हा उमरगा तालुक्यात असलेले सास्तूर उद्ध्वस्त केले. त्या वेळी पंचविशीत असलेली माणसे आता साठीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्या आठवणी दरवर्षी स्मृतिदिनी मोबाइलवर उमटतात आणि दुसऱ्या दिवशीच्या ‘शुभ सकाळ’खाली गाडल्या जातात. कन्नड आणि दखनी उर्दूच्या शेजाराने घडलेल्या येथील मराठीतील शब्दांचीही तीच गत. पुढे कोणी शोधू म्हटले, तर ते कोठे सापडावेत?

यावर उपाय आहे आणि तो फार खर्चाचा नाही. स्वतःचे संकेतस्थळ म्हणजे वार्षिक शुल्क भरून घेतलेले एक नाव, सर्व्हरवरची थोडी जागा आणि एचटीएमएलमध्ये लिहिलेली साधी पाने. त्यातील आवश्यक खुणा चिकाटीच्या विद्यार्थ्याला आठवडाभरात अवगत होतात. एके काळी मराठी मजकुरासाठी प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा असे व तो नसलेल्या वाचकाला केवळ निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोड रुळल्यावर ती अडचण सरली. २०१४ पासून तर ‘.भारत’ असे देवनागरीतले नावही घेता येते.

पण तेथे वाचावयास येणार कोण, अशी शंका निघते, आणि ती रास्त आहे. गर्दी बाजारातच असते. अमेरिकेतील पोर्टलंड येथे २०११ साली एकत्र आलेल्या स्वतंत्र संकेतस्थळवाल्यांनी यावर व्यवहारी तोड काढली: मूळ लेखन आधी आपल्या स्थळावर ठेवावे, मग त्याची प्रत बाजारात धाडावी. शिवाय एकाने दुसऱ्याच्या स्थळाचा दुवा द्यावा, दुसऱ्याने तिसऱ्याचा. वाचक घरोघर फिरतो. उमरगा, लोहारा, निलंगा, आळंद येथील पाच-सात जणांनी एवढे केले, तरी सीमाभागाची एक छोटी आळी वसेल.

नावाचे शुल्क दरवर्षी भरावेच लागते, तेव्हा ही मालकीही निखळ नव्हे, हे मान्य करावयास हवे. तरीही फरक मोठा आहे. सर्व्हरवाल्याशी पटले नाही, तर सारा मजकूर उचलून, तेच नाव ठेवून, दुसरीकडे बिऱ्हाड हलविता येते.

खरी कसोटी उभारणीनंतरची. आरंभीच्या उत्साहात दहा पाने होतात. मग परीक्षा, बदली, लग्नसराई येते आणि तीन वर्षांपूर्वीचा ‘लवकरच येत आहे’ हा फलक तसाच लटकत राहतो. मेलेले दुवे काढणे, चुका दुरुस्त करणे, सर्व पानांची एक प्रत घरच्या पेनड्राइव्हवर ठेवणे ही कामे कंटाळवाणी आहेत खरी; पण खुरपणी कोणत्या शेतकऱ्याला चुकली आहे?

आणि वारसाची नोंद. शेतमालक गेल्यावर तलाठ्याकडे फेरफार होतो. संकेतस्थळाचा धनी गेला, तर पुढच्या वर्षीचे शुल्क थकते आणि काही काळाने ते नाव कोणीही घेऊ शकतो. तेव्हा पासवर्ड आणि शुल्काची तारीख एका कागदावर लिहून तो लेकीकडे किंवा एखाद्या विश्वासू विद्यार्थ्याकडे आजच देऊन ठेवावा.