लिहायला शिकवता येते का?

जून उजाडला आणि प्रवेश सुरू झाले, की एखादा तरी पालक मला महाविद्यालयाच्या व्हरांड्यात गाठतोच. "सर, आमचं पोरगं कविता करतंय. त्याचा काही कोर्सबिर्स असतो का?" ह्या प्रश्नात कौतुक थोडे आणि काळजी फार असते. पोरगे कविता करणारच असेल, तर निदान त्याचा एखादा कागद तरी हाती पडावा, एवढीच त्या बिचाऱ्याची अपेक्षा. माझी निम्मी नोकरी शिरूरला झाली, उरलेली दौंडला चालली आहे. पण घोड नदीच्या काठी काय आणि भीमेच्या काठी काय, हा प्रश्न काही बदललेला नाही.

कोर्स असतो, हे खरेच आहे. १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने इंग्रजीतील सर्जनशील लेखनाची पदविका घरबसल्या करण्याची सोय केली. २०१७ साली केंद्र शासनाचे 'स्वयम्' सुरू झाले, तेव्हापासून मोबाइलवर व्याख्याने ऐकता येतात. आमच्या मराठीच्या अभ्यासक्रमातही कथा-एकांकिकांच्या जोडीला भाषिक कौशल्ये येऊन बसली आहेत. तेव्हा कोर्स आहे की नाही, हा प्रश्नच नव्हे. त्याने लिहिता येते का, हा खरा प्रश्न.

हा उद्योग विद्यापीठात पहिल्यांदा नीट रुजला तो अमेरिकेत. पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंधाऐवजी स्वतःचे ललित लेखन चालेल, असे आयोवा विद्यापीठाने १९२२ साली ठरवले आणि १९३६ मध्ये तेथे लेखकांची कार्यशाळा उभी राहिली. रीत अगदी साधी. एकाने कथा लिहायची, बाकीच्यांनी ती आधी वाचून यायचे आणि वर्गात बोलायचे. लेखकाने मात्र तोंड मिटून ऐकायचे. ह्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात आपले दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ ह्या काळात राहून आले. इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० मध्ये असाच एम.ए.चा वर्ग काढला. तेथे शिकलेल्या काझुओ इशिगुरो ह्यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बाकीच्या विद्यार्थ्यांना ते मिळाले नाही, हेही पालकांना सांगावे लागते.

"ही सारी पाश्चात्त्यांची थेरं," असे आमचे एक सहकारी म्हणतात. "कवी जन्मावा लागतो." ह्यावर माना डोलतात, पण आमचे जुने शास्त्रकार मात्र एवढ्यावर थांबलेले नाहीत. अकराव्या शतकातील मम्मटाने काव्याची कारणे सांगताना उपजत शक्ती आणि बहुश्रुतता ह्यांच्याबरोबर अभ्यासही सांगितला, आणि तोही काव्य जाणणाऱ्यांकडून शिकून केलेला अभ्यास! त्याच्याही आधीच्या राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कवीच्या दिवसाचे वेळापत्रकच दिले आहे. पहिल्या प्रहरी अध्ययन, दुसऱ्या प्रहरी रचना, तिसऱ्या प्रहरी काव्यगोष्ठी आणि चौथ्या प्रहरी सकाळच्या रचनेची तपासणी. लिहिण्याच्या भरात दोष दिसत नाहीत, हे त्याने हजार वर्षांपूर्वी ओळखले होते. आयोवाचा वर्ग ह्याहून निराळे काय करतो?

आणि पंडितांची साक्ष तरी कशाला हवी? शिरूर तालुक्यातच कवठे येमाई हे गाव आहे. तेथील बी. के. मोमीन कवठेकर २०२१ साली गेले. त्यांनी तमाशाच्या फडांसाठी गवळणी, लावण्या, वग लिहिले. फडासाठी लिहिणाऱ्याची परीक्षा सहामाही नसते. ती रोज रात्री कनातीत होते. ओळ पडली तर तेथल्या तेथे कळते आणि दुसऱ्या मुक्कामापूर्वी ती बदलावी लागते. म्हणजे ऐकणारा समोर आहे आणि दुसरा खर्डा करण्यावाचून गत्यंतर नाही. माझ्या मते लेखनाचे शिक्षण म्हणतात ते हेच.

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे भीमा ओलांडून चौफुल्याकडे निघाले, की दौंड तालुक्यातले केडगाव जवळ येते. तेथील मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. त्याचे खिळे जुळवले ते तेथे आश्रयाला आलेल्या बायका-मुलींनी. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'सरस्वती' म्हणून गौरवले होते. संस्कृत शब्दांची त्यांना काय वाण? पण हे पुस्तक कमी शिकलेल्या बाईलाही कळले पाहिजे, असा त्यांचा हट्ट. एवढ्या विदुषीने आपले वाक्य समोरच्या बाईच्या कानाने तपासावे, ह्यातला धडा मी केडगावावरून कितीदा गेलो तरी मला शिकता आला नाही. तो शिकायला मला माझीच चूक लागली.

शिरूरला असताना पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी 'आमच्या घरातले एक काम' हा विषय दिला होता. भीमेकाठच्या एका मुलीने आईवर लिहिले. आई दिवसभर दुसऱ्याच्या रानात कांदा काटते, आणि रात्री जेवताना भाजीतले मीठ तिच्या चिरलेल्या अंगठ्याला झोंबते. मी तांबड्या शाईने 'काटते' खोडून 'कापते' केले. वहीत अकरा ठिकाणी केले. वही परत गेली. त्यानंतर त्या मुलीने मला एक ओळसुद्धा दाखवली नाही.

पुढे दौंडला आल्यावर एका विद्यार्थ्याच्या शेतावर गेलो होतो. कांद्याचा ढीग पडला होता, बायका विळे घेऊन बसल्या होत्या. "कांदा कापताय वाटतं?" मी विचारले. एक म्हातारी हसली. "कापत्यात भाजीला, सर. ह्यो काटायचा." उपटलेल्या कांद्याची पात विळ्याने उडवायची, पण थोडी मान राखायची, नाहीतर तो चाळीत टिकत नाही. ते काटणे. माझ्या तांबड्या शाईने त्या मुलीच्या आईला रानातून उचलून स्वयंपाकघरात नेऊन बसवले होते!

तेव्हापासून मी तांबडी शाई सोडली. पेन्सिलीने समासात फक्त प्रश्न लिहितो: हा शब्द तुमच्याकडे कोण वापरते? हे तू पाहिलेस की कुठे वाचलेस? मग दुसरा खर्डा मागतो. पण दोन श्रेयांकांच्या विषयाला तासिका मिळतात ३०, आणि वर्गात मुले ६० असली तर एकेकाच्या वाट्याला अर्धा तास येतो. त्यातच अखेरच्या परीक्षेत प्रश्न पडतो, 'सर्जनशील लेखनाची वैशिष्ट्ये सांगा.' मुले गाइडातून ती पाठ करतात. पोहण्याचे फायदे लिहून कुणी पोहायला शिकले आहे काय?

घरबसल्या शिक्षणाची मी थट्टा करणार नाही. रांजणगावच्या कारखान्यात पाळी करून रात्री अकराला खोलीवर येणारा माझा एक विद्यार्थी मोबाइलवर कथालेखनाची व्याख्याने ऐकतो. त्याच्यासाठी कोणते महाविद्यालय रात्री उघडे राहणार? व्याख्यान त्याच्यापर्यंत पोचते, ही मोठीच गोष्ट आहे. त्याचे लिहिलेले मात्र कुणापर्यंत पोचते, हे मी त्याला दर वेळी विचारतो.

गेल्या वर्षी कांद्यावर लिहिणाऱ्या त्या मुलीचा अचानक फोन आला. ती आता पुण्याला नोकरी करते. तिने एक ऑनलाइन वर्ग धरला होता आणि गृहपाठाची कथा कुणीतरी वाचून हवी होती. कथेत आई होती, कांद्याचा ढीगही होता. पण पहिल्याच परिच्छेदात आई कांदे 'कापत' होती.

"अगं, काटत होती असं लिही ना," मी म्हणालो.

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, तो शब्द तुम्हीच खोडला होता."

"चुकलो होतो मी," असे मी तिला सांगितले. एवढे तीन शब्द उच्चारायला मला नऊ वर्षे लागली. चार दिवसांनी तिने दुसरा खर्डा पाठवला. त्यात तिने 'काटत' परत आणला होता, आणि मला ठाऊक नसलेले रानातले आणखी दोन शब्दही होते. त्यांचे अर्थ मी तिलाच विचारून घेतले.

तेव्हा व्हरांड्यात गाठणाऱ्या पालकांना हल्ली मी सांगतो: कोर्स जरूर घ्या. विद्यापीठात घ्या, नाहीतर मोबाइलवर घ्या. फी भरण्यापूर्वी मात्र दोनच गोष्टी विचारा. आमच्या मुलाने लिहिलेले तिथे कोण वाचणार? आणि वाचणाऱ्याला एखादा शब्द कळला नाही, तर तो खोडणार की विचारणार?