शत्रू समोर नसतानाचं शौर्य



‘शूर सैनिक’ या विषयावर निबंध लिहायला सांगा, मुलांच्या वहीत काय येईल हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. सीमा, बर्फ, बंदूक, शत्रू आणि शेवटी तिरंगा. यात चूक काहीच नाही. पण मुलांच्या मनात एक समीकरण पक्कं होतं, की शत्रू असेल तरच शौर्य. शत्रूच नसेल तर सैनिक नुसता ‘मदत’ करतो. हे समीकरण सरकारलाही मान्य नाही, आणि आपल्या मराठवाड्याला तर मुळीच मान्य नसावं.

आधी पदकांचं बघू, कारण स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये इथेच घोळ असतो. परमवीरचक्र, महावीरचक्र, वीरचक्र ही पदकं शत्रूला तोंड देताना गाजवलेल्या पराक्रमासाठी. अशोकचक्र, कीर्तिचक्र, शौर्यचक्र ही पदकं शत्रू समोर नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी. ही दुसरी मालिका 1952 साली सुरू झाली. तेव्हा तिन्हींचं नाव अशोकचक्रच होतं, फक्त वर्ग पहिला, दुसरा, तिसरा. आजची वेगवेगळी नावं 1967 पासूनची. गाईडमध्ये यांना सरसकट ‘शांतताकाळातील पदकं’ म्हणतात, त्यामुळे मुलांना वाटतं, ही जरा सोप्या कामाची असतील. तसं नाही. अतिरेक्यांशी लढताना पडलेल्या कितीतरी जवानांना हीच पदकं मिळाली आहेत. आणि ज्यात एकही गोळी सुटली नाही अशा प्रसंगांनाही मिळाली आहेत.

असा एक प्रसंग मुलांना जरूर सांगा. 3 फेब्रुवारी 1952. लखनौहून दिल्लीला निघालेल्या हवाई दलाच्या छोट्या डेव्हन विमानाला हवेतच आग लागली. आत लष्करातले अनेक वरिष्ठ अधिकारी होते. जनरल श्रीनागेश, थिमय्या आणि आपल्या कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट सुहास बिस्वास यांनी ते पेटलेलं विमान संडिल्याजवळ खाली उतरवलं. सगळे वाचले. बिस्वास हे अशोकचक्र मिळवणारे हवाई दलातले पहिले अधिकारी.

पण हे झालं लांबचं. आता आपल्याकडचं.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली किल्लारी, सास्तूर परिसरातली गावं काही सेकंदांत भुईसपाट झाली. धक्का परभणीतही जाणवला. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, बहुतेकांना ती पहाट आठवते. सुमारे दहा हजार माणसं गेली.

लष्कर तिथे पोचलं तेव्हा काम नेमकं काय होतं, हे समजून घ्यायचं तर माळवद समजून घ्यावं लागतं. आपल्या जिल्ह्यातही जुनी माळवदाची घरं आहेत, त्यामुळे मुलांना हे पटकन कळेल. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात थंडगार. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर आणखी माती टाकायची. वर्षानुवर्षं असं वजन वाढत जातं. असं घर कोसळलं, की सिमेंटच्या इमारतीसारख्या आत पोकळ्या फारशा उरत नाहीत. माती सगळीकडे भरून जाते. माणूस दगडाने नाही मेला तर मातीने गुदमरतो. त्यात नंतर पाऊस पडला आणि त्या मातीचा चिखल झाला.

इथे मोठं यंत्र सरळ घुसवता येत नाही. बोळ अरुंद, आणि खाली कुणी जिवंत असेल तर यंत्रच त्याला मारेल. म्हणजे कुदळ, फावडं आणि शेवटी हात. अर्धवट उभी भिंत डोक्यावर, अधूनमधून जमीन पुन्हा हलतेय, हवेत कुजल्याचा वास. जवानांनी अशा ढिगाऱ्यांत शिरून जिवंत माणसं काढली, आणि त्याहून कितीतरी जास्त मृतदेह. हा दुसरा भाग आपण वर्गात सहसा टाळतो. लहान वर्गात टाळावाच, पण आठवी-नववीच्या मुलांना सांगायला हरकत नाही. मेलेल्याला बाहेर काढून त्याच्या माणसांच्या हवाली करण्यासाठी त्या भिंतीखाली जाणं, हे माझ्या मते बंदूक चालवण्याइतकंच अवघड आहे. तिथे अंगात जोश आणणारी कुठलीच गोष्ट नसते.

किल्लारीजवळच्या मंगरूळ गावात दीड वर्षाची एक मुलगी ढिगाऱ्याखाली होती. पाचवा दिवस. आईवडिलांनी आशा सोडली होती, निदान देह तरी मिळावा एवढंच त्यांचं मागणं. लष्करी अधिकारी सुमीत बक्षी त्यासाठी आत शिरले, आणि पलंगाखाली अडकलेली ती मुलगी जिवंत सापडली. बघा, ते जिवंत मूल वाचवायला गेलेच नव्हते. एका घराची शेवटची विनंती पूर्ण करायला गेले होते. वर्गात ही गोष्ट सांगताना तेवढं वाक्य गाळू नका.

समुद्रावरची उदाहरणंही आहेत. 2014 च्या फेब्रुवारीत मुंबईजवळ सिंधुरत्न पाणबुडीत धूर कोंडला, तेव्हा सहकाऱ्यांना बाहेर काढताना लेफ्टनंट कमांडर कपीश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार गेले. दोघांना मरणोत्तर शौर्यचक्र. 2021 च्या तौक्ते वादळात पी-305 हा बार्ज बुडाला. त्यावरच्या 261 जणांपैकी 180 हून अधिक लोकांना नौदलाने खवळलेल्या दर्यातून उचललं.

आणखी एक माहिती बऱ्याच शिक्षकांना नसते. बुडत्याला, आगीत सापडलेल्याला वाचवणाऱ्यांसाठी ‘जीवन रक्षा पदक’ आहे. ते सामान्य नागरिकालाही मिळतं. सैनिकाला मात्र त्याने हे काम आपल्या कर्तव्याबाहेर जाऊन केलं असेल तरच मिळतं. सुट्टीवर गावी आलेला जवान गोदावरीत उडी मारतो, ते यात बसतं. कर्तव्य कुठे संपतं आणि पुढे काय सुरू होतं, यावर मोठ्या वर्गात मस्त चर्चा होते, करून बघा.

7 डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी आपण गोळा करतोच. त्या आठवड्यात निबंधाचा विषय थोडा बदलून द्या, ‘शत्रू समोर नसताना’. आणि एक अट घाला, की घरातल्या किंवा शेजारच्या एका तरी मोठ्या माणसाला 1993 ची ती पहाट विचारून मगच लिहायला बसायचं.