पंप सगळ्यात शेवटी

बंगळुरात चिकपेटेतून एस. पी. रोडकडे वळलं की रेशमी साड्यांची दुकानं मागे पडतात आणि हत्यारं, यंत्रं, सुटे भाग यांचा बाजार सुरू होतो. याच शहरात १९६७ मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्याने व्हीएसटी टिलर्स ट्रॅक्टर्स ही कंपनी उभी राहिली. तिचे छोटे ट्रॅक्टर आज महाराष्ट्रात द्राक्षबागांच्या ओळींमधून फिरतात. अशा ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट रोटाव्हेटर उचलेनाशी झाली की निदान ठरलेलं असतं: लिफ्टला तेल पुरवणारा पंप गेला. माझ्या मते हे निदान बहुतेक वेळा घाईचं असतं, आणि ते शेतकऱ्याला महागात पडतं.

लिफ्ट स्वतःच पुरावा देते, तो वाचायला हवा. इंजिन बंद केल्यावर उचललेलं अवजार हळूहळू खाली बसत असेल, तर पंपाला दोष देता येत नाही, कारण त्या वेळी तो फिरतच नसतो. तेल सिलिंडरच्या सीलमधून किंवा व्हॉल्व्हमधून निसटत असतं. सकाळी थंड असताना पंप कण्हतो आणि लिफ्ट रेंगाळते, तर पंपाला तेल पुरत नाही: पातळी कमी, गाळणी तुंबलेली, नाहीतर सक्शनच्या जोडातून हवा ओढली जाते. उलट सकाळी झकास आणि दुपारी तेल तापून पातळ झाल्यावर ढिली, तर आतली झीज खरी. मग पंपाकडे वळावं, पण रिलीफ व्हॉल्व्ह तपासून.

‘पंप झिजतोच की,’ असं मिस्त्री म्हणतील. झिजतो, पण कशाने? आतल्या फटी काही मायक्रॉनच्या, आणि केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन. डोळ्याला न दिसणारी धूळही तिथे कानशीसारखं काम करते. त्याच गढूळ तेलात नवा पंप बसवला, तर त्याचंही तेच होणार. हंगामात वेळ कुठे, ही अडचण मात्र खरी आहे. म्हणूनच तेलाची पातळी आणि गाळणी आधी बघावी. पंप उतरवण्यापेक्षा ते काम कितीतरी लवकर होतं.

तेल दुधाळ दिसलं तर ते काचेच्या बाटलीत भरून ठेवावं. थोड्या वेळात नितळ झालं, तर त्यात हवा होती. दुधाळच राहिलं किंवा तळाशी पाणी साचलं, तर तेल बदलायला हवं. गळती शोधताना बोट कधीही फिरवू नये. बारीक छिद्रातून दाबाने सुटलेली धार कातडी भेदून आत शिरते. आधी अवजार जमिनीवर टेकवावं, मग होजजवळून पुठ्ठा फिरवावा. डाग पुठ्ठ्यावर उमटतो.