मल्लाच्या नावावर मैदान का भरते?

बेळगाव-निपाणी सीमाभागात कुस्तीचे मैदान जाहीर झाले की, पहिल्या क्रमांकाची जोड कोणती, हाच प्रश्न आधी विचारला जातो. अमेरिकेतील मुष्टियुद्धाचे अर्थकारणही याच प्रश्नावर उभे आहे. तेथे अनेक मोठ्या लढती दूरचित्रवाणीवर पाहण्यासाठी स्वतंत्र पैसे मोजावे लागतात. २०१५ मध्ये फ्लॉईड मेवेदर व मॅनी पॅकियाव यांची लढत सुमारे ४६ लाख ग्राहकांनी प्रत्येकी शंभर डॉलरच्या आसपास मोजून घेतली.

पैसे लढतीपूर्वीच द्यायचे असल्याने केवळ कौशल्य पुरत नाही. क्युबाच्या गिलेर्मो रिगोंदोने दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकली. मात्र त्याच्या बचावात्मक शैलीला प्रेक्षक लाभला नाही. मेवेदरही बचावातच निष्णात, पण तो अपराजित आणि बढाईखोर होता. तो एकदा तरी हरावा, म्हणून अनेकांनी पैसे मोजले.

दुसरे बळ आपलेपणाचे. कॅनेलो अल्वारेझच्या अनेक लढती मेक्सिकन सणांच्या सुमारास लास वेगासमध्ये भरल्या, जशी आपल्याकडे जत्रेला मैदाने. चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पंजाबच्या मल्लाला नमवून पहिले हिंदकेसरी झाले. त्या कुस्तीतही दोन प्रांतांची ईर्षा होती.

बाहेरचा नामवंत मल्ल आणून एक दिवस मैदान भरते. शेजारच्या गावच्या मल्लाला वर्षानुवर्षे तोलामोलाची जोड मिळत गेली, तरच उद्या त्याच्या नावावर गर्दी जमेल.