मैदानातलं मैदानात मिटत नाही

"मैदानात झालं ते मैदानातच मिटलं. उगाच पोलीस-कोर्ट कशाला?" फुटबॉलमध्ये कुणी कुणाच्या तोंडावर कोपर मारलं, डोक्याने धडक दिली, चेंडू दूर असताना पोटरीत लाथ घातली, की हे वाक्य ठरलेलं. टीव्हीवर बसलेले माजी खेळाडू ते म्हणतात, कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरही ते ऐकू येतं. म्हणणाऱ्याचा सूर असा असतो, की विरोध करणाऱ्याने आयुष्यात कधी चेंडूला पायच लावलेला नसावा. मला या वाक्याचा राग येतो. ते चुकीचं तर आहेच, शिवाय ते कायम मारणाऱ्याच्या बाजूने उभं राहतं. नाक फुटलेला माणूस ते म्हणताना क्वचितच दिसतो.

आधी वस्तुस्थिती. 16 एप्रिल 1994 रोजी ग्लासगोत रेंजर्स आणि रेथ रोव्हर्स यांचा सामना होता. रेंजर्सचा तरुण आघाडीपटू डंकन फर्ग्युसन याने रेथचा बचावपटू जॉन मॅकस्टे याला डोक्याने धडक दिली. आदल्या वर्षीच रेंजर्सने त्याला 40 लाख पौंडांना घेतलं होतं, आणि तेव्हा ब्रिटनमध्ये एवढी किंमत कुणालाच मिळाली नव्हती. रेफ्रीने त्या धडकेबद्दल त्याला कार्ड दाखवलं नाही, ना लाल, ना पिवळं. 'मैदानातलं मैदानात' हा नियम खरा असता, तर प्रकरण त्याच मिनिटाला संपलं असतं. स्कॉटिश फुटबॉल संघटनेने त्याच्यावर 12 सामन्यांची बंदी घातली. सरकारी वकिलांनी खटला भरला. मे 1995 मध्ये त्याला तीन महिन्यांची कैद झाली, ऑक्टोबरमध्ये अपील फेटाळलं गेलं आणि एव्हाना एव्हर्टनकडे गेलेला हा खेळाडू ग्लासगोच्या बार्लिनी तुरुंगात गेला. 44 दिवस आत होता.

यावर लगेच उत्तर येतं, "त्याच्यावर आधीचे गुन्हे होते, म्हणून आत गेला." बरोबर आहे. मारामारीच्या जुन्या प्रकरणांमुळे तो त्या वेळी प्रोबेशनवर होता, आणि शिक्षा दंडावर न थांबता तुरुंगापर्यंत गेली त्याचं ते मोठं कारण. पण जुन्या नोंदींनी शिक्षा वाढते. मुळात गुन्हाच नसेल तर वाढवणार काय?

शिवाय फर्ग्युसन पहिला नव्हता. 17 ऑक्टोबर 1987 रोजी रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्स आणि सेल्टिक भिडले. सेल्टिकचा फ्रँक मॅकअ‍ॅव्हेनी आणि रेंजर्सचा गोलरक्षक ख्रिस वुड्स यांच्यात झटापट झाली, त्यात टेरी बुचर आणि ग्रॅहम रॉबर्ट्स पडले. आजच्या मानाने ही किरकोळ ढकलाढकली होती. तरी चौघेही शांतताभंगाच्या आरोपाखाली ग्लासगोच्या कोर्टात उभे राहिले. वुड्स आणि बुचर यांना 1988 मध्ये दंड झाला. मॅकअ‍ॅव्हेनी निर्दोष सुटला आणि रॉबर्ट्सवरचा आरोप सिद्ध झाला नाही. बुचर त्या काळात इंग्लंडचा कर्णधार राहिलेला माणूस, पण कोर्टाने त्याचा मान वेगळा ठेवला नाही. हे खटले भरायला हवे होते का, यावर वाद घाला, मीही घालेन. पण ते भरता येतात, यावर वाद नाही.

आता या गैरसमजाच्या मुळाशी जाऊ, कारण तिथे थोडं तथ्य आहे. खेळायला उतरणारा माणूस काही धोके स्वीकारूनच उतरतो. उशिरा आलेला टॅकल, हवेत डोक्याला डोकं लागणं, घोट्यावर पडलेला स्टड, हे फुटबॉल आहे. आपल्या कायद्यातही हा विचार जुना आहे. भारतीय दंड संहितेच्या 87 व्या कलमात एक उदाहरण दिलेलं होतं: दोघे करमणुकीसाठी तलवारबाजी खेळायचं ठरवतात, तेव्हा दगाबाजी न करता खेळाच्या ओघात जी इजा होईल ती सोसायला दोघांनीही संमती दिली असं धरलं जातं. भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद आता 25 व्या कलमात आहे. 'दगाबाजी न करता' ही अट वाचा. आणि त्याच कलमाची दुसरी अट वाचा: मृत्यू किंवा जबर दुखापत करण्याचा हेतू नसावा आणि ती होण्याचा संभव आहे याची जाणीवही नसावी. जबर दुखापतीच्या यादीत हाड किंवा दात मोडणंही येतं. फ्री किकसाठी भिंत उभी राहत असताना कुणी मागून येऊन जबड्यावर ठोसा मारला, तर त्याला संमती कुणी आणि कधी दिली?

इंग्लंडमध्ये 1878 साली लेस्टरच्या कोर्टात एक खटला चालला. फुटबॉलच्या सामन्यात धडक बसून खेळाडूचा मृत्यू झाला होता. आरोपी सुटला, पण न्यायाधीशांनी ज्यूरीला स्पष्ट बजावलं, की देशाच्या कायद्याने जे बेकायदा आहे ते कोणत्याही खेळाचे नियम कायदेशीर करू शकत नाहीत. पुढे 2004 मध्ये तिथल्या अपील कोर्टापुढे हौशी सामन्यातल्या एका टॅकलचं प्रकरण आलं. पायाला गंभीर इजा झाली होती आणि खालच्या कोर्टाने दोषी धरलं होतं. अपील कोर्टाने ती शिक्षा रद्द केली आणि कसोटी सांगितली: खेळ कोणता, पातळी कोणती, कृती कशी होती, जोर किती होता, इजेचा धोका किती होता, करणाऱ्याच्या मनात काय होतं. नियम मोडला, अगदी लाल कार्ड मिळालं, तरी तेवढ्याने गुन्हा होत नाही. फौजदारी खटला गंभीर प्रकारांपुरताच राखून ठेवावा, असं त्या निकालाचं म्हणणं. म्हणजे 'उद्या प्रत्येक फाउलला एफआयआर होईल' ही भीतीही निराधार आहे.

याच कसोटीतून दुसरा गैरसमज सुटतो: इजा जितकी मोठी, तितका दोष मोठा. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पोचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर आपला दुसरा गोल करताना मोहन बागानचा गोलरक्षक सुब्रत पाल याच्यावर आदळला, कोसळला आणि गेला. भारतीय फुटबॉलमधली ती सर्वांत वाईट संध्याकाळ असेल. महासंघाने पालला निलंबित केलं. पण चेंडूसाठी झेपावणारा गोलरक्षक आणि चेंडूशी संबंध नसताना मारलेला ठोसा यांना एका तागडीत घालता येत नाही, मग पहिल्यात जीव गेला असो आणि दुसऱ्यात ओठ फुटला असो. फुटबॉलच्या नियमांतही, बाराव्या नियमात, हा भेद आहे. चेंडूसाठी झुंजताना अति जोर किंवा क्रूरपणा हा एक गुन्हा, चेंडूसाठी झुंज नसताना तसाच प्रयत्न हा दुसरा. दुसऱ्यात तर फटका चुकला, कुणाला लागलाच नाही, तरी लाल कार्ड आहे.

"संघटनेने बंदी घातली ना, मग एकाच गोष्टीची दोनदा शिक्षा का?" हा प्रश्न सुशिक्षित माणसं विचारतात, राज्यघटनेच्या 20 व्या अनुच्छेदाचा दाखला देऊन. तो अनुच्छेद एकाच अपराधासाठी दोनदा खटला आणि शिक्षा नको म्हणतो. पण कोणाकडून? 1953 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे जेद्दाहून सांताक्रूझ विमानतळावर सोनं घेऊन उतरलेल्या एका प्रवाशाचं प्रकरण होतं. कस्टम्सने सोनं जप्त केलं होतं, पुढे खटलाही भरला. न्यायालय म्हणालं, कस्टम्सची कारवाई हा न्यायालयातला खटला नव्हे, तेव्हा दुसऱ्यांदा शिक्षेचा प्रश्नच येत नाही. जिथे सरकारी खात्याची ही गत, तिथे फुटबॉल महासंघाची शिस्तपालन समिती न्यायालय कशी ठरेल? ती आपल्या सदस्यांना शिस्त लावते. बँकेतल्या अफरातफरीनंतर नोकरी गेली म्हणून खटला टळत नाही, तसंच हे. फिफाच्या घटनेत फुटबॉलचे वाद साध्या कोर्टात नेऊ नका असं आहे, तेही करार, बदल्या, बंदी यांसारख्या खेळाच्या कारभाराबद्दल. फौजदारी कायदा बाजूला ठेवण्याचा अधिकार झुरिचमधल्या कुठल्याही संस्थेला नाही.

भारतात असं होत नाही, हाही भ्रम. 20 डिसेंबर 2015 रोजी फातोर्ड्यात चेन्नईयिनने एफसी गोवाला 3-2 हरवून आयएसएल जिंकली. सामन्यानंतर मैदानावर झालेल्या प्रकारावरून एफसी गोवाच्या सहमालकाने तक्रार केली, आणि ब्राझीलकडून खेळलेला, चेन्नईयिनचा कर्णधार एलानो याला गोवा पोलिसांनी अटक केली. जामीन लगेच मिळाला. तक्रार खरी की खोटी हा वेगळा मुद्दा, पोलीस आले ही नोंद आहे. एरवी ते का येत नाहीत, याचं कारणही समजून घ्या. साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा आहे. दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, आणि तक्रार द्यायला खेळाडू पुढे येत नाही, कारण पुढच्या हंगामाचा करार त्याला हवा असतो. ही भीती आहे. तिला खिलाडूवृत्ती म्हणणं मला मान्य नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

रेफ्रीला दिसलं नाही म्हणजे सुटला: 1994 च्या विश्वचषकात इटलीच्या मॉरो तासोत्तीने स्पेनच्या लुईस एन्रिकेचं नाक कोपराने फोडलं, कार्ड मिळालं नाही, नंतर चित्रफितीवरून 8 सामन्यांची बंदी आली. 2014 मध्ये किएलिनीला चावलेल्या सुआरेझलाही रेफ्रीने कार्ड दाखवलं नव्हतं. त्याला 9 आंतरराष्ट्रीय सामने आणि चार महिने बाहेर बसावं लागलं.

चिथावणी दिली होती म्हणून माफ: 2006 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यानंतर फिफाने झिदानला 3 सामन्यांची आणि मातेराझीला 2 सामन्यांची बंदी दिली. चिथावणी देणाराही दोषी ठरला, मारणारा सुटला नाही.

आधी चेंडूला पाय लागला म्हणजे फाउल नाही: नियमात असं कुठेही लिहिलेलं नाही.

रॉय कीनच्या त्या लाथेने हालांडच्या वडिलांची कारकीर्द संपली: 2001 मध्ये लाथ उजव्या गुडघ्यावर बसली, आल्फ-इंगे हालांडला छळत होता तो डावा. काही दिवसांत तो नॉर्वेकडून खेळलाही. कीनची लाथ त्यामुळे चांगली ठरत नाही. आत्मचरित्रात त्याने जे लिहिलं त्यावरून 2002 मध्ये त्याला आणखी 5 सामन्यांची बंदी आणि दीड लाख पौंड दंड झाला.

आणि शेवटचा, भरपाई मागता येत नाही: 2003 मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या राखीव संघाकडून खेळणाऱ्या बेन कॉलेट या तरुणाचा पाय मिडल्सब्रोच्या खेळाडूच्या टॅकलमध्ये मोडला आणि कारकीर्द सुरू होण्याआधीच संपली. हा मुलगा किती पुढे गेला असता, हे सांगायला युनायटेडचे व्यवस्थापक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन स्वतः साक्षीला उभे राहिले. 2008 मध्ये कोर्टाने त्याला सुमारे 43 लाख पौंडांची भरपाई मंजूर केली. टॅकल करणाऱ्याबरोबर त्याचा क्लबही प्रतिवादी होता, आणि त्यांनी जबाबदारी मान्य केली होती.