सभासदाचें काम : गोपालकांच्या दोन संघांची हकीकत

वर्षाची वर्गणी वेळेवर पोंचती केली आणि पावती फाईलींत लावून ठेवली, कीं सभासद या नात्यानें आपलें कर्तव्य संपलें, अशी आपल्याकडील सुशिक्षित मंडळींची एक पक्की समजूत असते. वाचनालय असो, पतपेढी असो, कीं राहत्या इमारतीची सहकारी गृहसंस्था असो, वार्षिक सभेची नोटीस घरीं येते, ती दिवाणखान्यांतून माजघरांत व माजघरांतून रद्दींत जाते, आणि सभेच्या दिवशीं गणसंख्येअभावीं सभा अर्धा तास तहकूब करून तींच पांच-सात माणसें ती पुनः भरवितात. मग वर्षभर घराघरांतून त्या पांच-सातांच्या नांवानें बोटें मोडण्याचा कार्यक्रम यथासांग चालतो. या विषयावर आम्हांस कांहीं लिहावयाचें होतेंच. तथापि दृष्टान्त जवळचा घेतला तर कोणास तरी झोंबावयाचा, म्हणून आम्हीं तो सातासमुद्रांपलीकडचा, गुरें पाळणाऱ्या अमेरिकन लोकांचा, घेतला आहे.

येथें एक गोष्ट प्रथमच सांगून टाकूं. हे लोक गुरें पाळतात तीं मुख्यत्वें मांसासाठीं. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा होते; त्यांना हा व्यवसाय रुचणार नाहीं, व आम्हांसही तो रुचतो असें नाहीं. पण माणसांनीं एकत्र कसें यावें आणि एकत्र आल्यावर कसें वागावें, एवढाच प्रश्न आम्हांस येथें पाहावयाचा आहे.

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें, तेव्हां टेक्सासच्या माळरानांवर लांब शिंगांचीं लाखों गुरें मोकाट चरत होतीं. कुंपणें जवळजवळ नव्हतींच. काटेरी तारेचें ग्लिडन यांचें प्रसिद्ध पेटंट १८७४ चें, आणि तिचा प्रसार व्हावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं. दहा मालकांचीं गुरें एकाच कुरणांत मिसळत. वसंतांत सारे मालक आपापले घोडेस्वार घेऊन निघत, मैलोगणती प्रदेशांतील गुरें हांकून एका ठिकाणीं आणीत, आणि जें वासरूं ज्या गाईमागें धांवेल त्याला त्या गाईच्या मालकाचा डाग देत. आईपासून चुकलेलें बिनडागाचें वासरूं मात्र ज्याच्या हातीं लागेल त्याचें! अशा वासराला तिकडे 'मॅव्हरिक' म्हणतात. सॅम्युएल मॅव्हरिक नांवाच्या टेक्सासमधील एका गृहस्थाचीं गुरें डाग न देतां मोकळीं सुटलेलीं असत, त्यावरून हें नांव पडलें.

डागाची ही युक्ति आपल्याला नवीन नाहीं. पाणिनीच्या अष्टाध्यायींत गुरांच्या कानांवरील खुणांविषयीं एक सूत्र आहे, व त्यांत आठ, पांच, मणि, स्रुव, स्वस्तिक अशीं खुणांचीं नांवें येतात. कौटिल्यानें तर वासरूं महिन्या-दोन महिन्यांचें झालें कीं त्यास डाग द्यावा, आणि तो डाग, अंगावरची उपजत खूण, रंग व शिंगांची ठेवण हीं सर्व नोंदून ठेवावीं, असें सांगितलें आहे. व्याकरणाला कंटाळलेल्या विद्यार्थ्याला वरील सूत्र अवश्य सांगावें. त्याला पाणिनि एकदम गोठ्यांत उभा दिसूं लागतो. असो.

तर अशा या माळरानांवर चोरट्यांचा सुळसुळाट झाला. जुन्या डागावर नव्या रेघा ओढून खूण पालटणें हा एक धंदाच होऊन बसला. एकट्यादुकट्या मालकाच्यानें बंदोबस्त होईना. तेव्हां १५ फेब्रुवारी १८७७ रोजीं ग्रॅहॅम नांवाच्या लहानशा गांवीं सुमारें चाळीस गोपालक जमले आणि त्यांनीं वायव्य टेक्सासचा एक संघ स्थापन केला. हाच संघ १९२१ सालीं दुसऱ्या एका संघाशीं एकरूप होऊन 'टेक्सास अँड साउथवेस्टर्न कॅटल रेझर्स असोसिएशन' या नांवानें आजही फोर्ट वर्थ येथें नांदत आहे. संघानें गुरांच्या वाटांवर, रेल्वेच्या स्टेशनांवर व बाजारांत आपले निरीक्षक नेमले. सभासदाच्या डागाचें जनावर भलत्याच माणसाच्या कळपांत दिसलें, कीं निरीक्षक तें बाजूस काढी, आणि तें जनावर किंवा त्याच्या विक्रीचा पैसा मूळ मालकास पोंचता होई. आतां वाचकांनींच विचार करावा. निरीक्षक कितीही चतुर असला, तरी सभासदानें आपला डाग कळविलाच नसेल, गुरें कधीं मोजलींच नसतील, चार जनावरें कमी झाल्याचें सहा महिन्यांनीं लक्षांत येत असेल, तर तो बिचारा काय करणार?

याच्या उलट बाजूची हकीकत वायोमिंगची, आणि ती आम्हांस अधिक मोलाची वाटते. तेथील संघ १८७३ चा. १८७९ पासून त्याचें नांव 'वायोमिंग स्टॉक ग्रोअर्स असोसिएशन'. तो धनिकांचा संघ होता. १८८४ सालीं त्यांनीं कायदाच करवून घेतला, कीं वसंतांतील गुरें गोळा करण्याचें काम संघाच्याच देखरेखीखालीं व्हावें आणि बिनडागाचीं वासरें लिलांवांत विकून येणारा पैसा संघाच्या कामीं लागावा. ज्या गुराख्यानें स्वतःचीं चार गुरें राखलीं त्यास कामावर ठेवावयाचें नाहीं, असाही दंडक पडला. पुढें १८८६-८७ च्या हिंवाळ्यांत हिमवादळांनीं कळपच्या कळप मेले, कंपन्या बुडाल्या, सभासदांची संख्या झपाट्यानें घटली. उरलेल्यांचा लहान गोपालकांवरील संशय मात्र वाढला. लहानांनीं आपला निराळा संघ काढला व १८९२ च्या वसंतांत आपण स्वतंत्रपणें गुरें गोळा करूं, असें जाहीर केलें. त्याच एप्रिलांत जुन्या संघांतील बड्या मंडळींनीं टेक्सासहून भाडोत्री बंदूकवाले आणविले आणि सुमारें पन्नास जणांची टोळी आगगाडीनें जॉन्सन परगण्याच्या रोखानें निघाली. ९ एप्रिल रोजीं त्यांनीं नेट चँपियन व निक रे या दोघांस ठार मारलें. यांपैकीं चँपियन हा लहानांचा पुढारी. बातमी पसरतांच शेंकडों रहिवासी हत्यारें घेऊन धांवले व त्यांनीं टोळीलाच एका रँचवर कोंडलें. अखेर अध्यक्ष हॅरिसन यांच्या हुकुमानें फौज आली, तेव्हां टोळीचा जीव वांचला. खटला उभा राहिला, पण पुढल्या वर्षीं तो काढून टाकण्यांत आला.

न्याय झाला नाहीं, हें उघडच आहे. तथापि संघही मोडकळीस आला होता. त्यानें आपलीं दारें लहान गोपालकांस उघडलीं आणि या नव्या सभासदांच्या भरतीनेंच तो तगला. जेथें थोडेच लोक बैठकीस बसतात तेथें संस्थेचें हित कोणतें आणि त्या थोड्यांचें हित कोणतें, ही रेघ पुसट होत जाते. वायोमिंगांत ती दारें लावून घेतल्यामुळें पुसली; आपल्याकडे दारें सताड उघडीं असून आंत कोणी येत नाहीं, म्हणून पुसते.

टेक्सासांत आज मोकळीं माळरानें गेलीं, कुंपणें आलीं. चोरटे मात्र राहिलेच. ते आतां ट्रेलरमध्यें गुरें भरून रातोरात पसार होतात. संघाचे सुमारें तीस 'स्पेशल रेंजर' पोलिसांचे अधिकार घेऊन तपास करतात, लिलांवाच्या बाजारांत निरीक्षक डाग टिपून घेतात, आणि सभासदास सांगणें एवढेंच असतें, कीं फाटकास कुलूप लाव, डाग दे, गुरें वरचेवर मोज. डागाची नोंद परगण्याच्या कचेरींत दर दहा वर्षांनीं नव्यानें करावी लागते. ज्यास याहून अधिक करावयाचें असेल तो वार्षिक अधिवेशनास जातो, एखाद्या समितींत बसतो, कर, पाणी किंवा जनावरांचे रोग यांविषयीं ठराव मांडतो. संघाचें मासिक १९१४ पासून निघतें, पण केवळ तें वाचणाऱ्यास तेथें कोणी कार्यकर्ता म्हणत नसावेत.

आमच्या वाचकांच्या एकत्र कुटुंबांत सभासदत्व बहुधा वडील माणसाच्या नांवें असतें. गुडघे दुखतात म्हणून ते सभेस जात नाहींत, आणि नांव आपलें नाहीं म्हणून धाकटे जात नाहींत. घरांतील सून बँकेंत हिशेब तपासून आलेली असते, पण तिला जा म्हणावयाचें कोणाच्या मनांत येत नाहीं. गृहसंस्थांच्या नियमांत सहयोगी सभासदाची सोय आहे, ती वडिलांनीं आपण होऊन करून द्यावी, अशी आमची त्यांस विनंती आहे. आपल्याकडे या संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावयाच्या असतात. नोटिशीबरोबर हिशेबाचीं पत्रकें येतात. तीं वाचावयास वीस मिनिटें पुरतात. टेक्सासच्या गोपालकास आपला कळप मोजावयास याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो.